जिना कुणाचा?

गेल्या वर्षी जानेवारीत एका रात्री पावणेतीनला बाबांनी माझ्या खोलीचं दार वाजवलं. "काहीतरी जळतंय गं," ते म्हणाले. मला वाटलं, गॅसवर काही राहिलं. पण वास स्वयंपाकघरातून येत नव्हता. प्लास्टिक जळल्यावर घशाला जो कडवट ओरखडा बसतो तसला तो होता आणि मुख्य दाराखालच्या फटीतून येत होता.

आम्ही अकराव्या मजल्यावर राहतो. इमारत बारा मजल्यांची, पुण्याच्या पश्चिमेला, जिथे दहा वर्षांपूर्वी ज्वारी होती तिथे. दार उघडलं तर लॉबीत अंधार. वीज गेलेली. मोबाइलचा टॉर्च लावून बाबांचा हात धरला आणि जिन्यानं निघालो. बाबा एकाहत्तर वर्षांचे, डावा गुडघा अधू. दहाव्यावर कुणाची तरी सायकल कठड्याला बांधलेली. नवव्यावर बुटांचं कपाट आणि त्यावर तुळशीची कुंडी. आठवा ओलांडून सातव्याच्या दिशेनं वळलो आणि टॉर्चच्या उजेडात समोर करडी भिंत दिसली. ती भिंत हलत होती. दोन पायऱ्या उतरलो असू, बाबांना खोकल्याची उबळ आली.

मागे फिरलो. आठव्यावर आमचा 'रेफ्युज एरिया' आहे. आगीच्या वेळी माणसांनी तिथे येऊन थांबावं, अग्निशमन दलाच्या जवानांनी तिथून त्यांना खाली न्यावं, यासाठी मोकळी सोडलेली जागा. तिच्या जाळीच्या दाराला कुलूप होतं. पोरं तिथे क्रिकेट खेळतात आणि मोठी पोरं सिगारेटी ओढतात म्हणून सभेत ठराव करून ते लावलेलं. ठरावाच्या बाजूनं मीही हात वर केला होता. किल्ली तळमजल्यावर वॉचमनच्या केबिनमध्ये. दुसरा जिनाही आहे आम्हाला, पण त्याचं खालचं दार चोरांच्या भीतीनं साखळी लावून बंद असतं, हे मला ठाऊक होतं.

मग वर. तीन मजले. बाबा प्रत्येक वळणावर थांबत होते आणि मी त्यांना थांबू देत नव्हते. घरात शिरून दार लावलं, टॉवेल भिजवून फटीत कोंबले आणि बाल्कनीत जाऊन बसलो. खाली बंबाचे लाल दिवे दिसत होते. पन्नास मिनिटांनी एक जवान वर आला आणि म्हणाला, "काका, झालं, घाबरू नका."

कुणी मेलं नाही. सहाव्या मजल्यावरच्या एका आजींना धुरानं दोन दिवस हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. आग खरं तर फारशी नव्हतीच. विजेच्या केबल ज्या उभ्या डक्टमधून वर जातात, त्या डक्टमध्ये दुसऱ्या ते पाचव्या मजल्यापर्यंत केबल जळल्या. केबल जाण्यासाठी प्रत्येक स्लॅबला भोक पाडलेलं असतं. केबल टाकून झाल्यावर ते भोक न जळणाऱ्या मालानं बुजवायचं असतं. आमच्याकडे बाराच्या बारा भोकं उघडी होती. म्हणजे इमारतीच्या पोटात एक धुराडं होतं, त्याची पत्र्याची झडप जिन्याशेजारी उघडत होती, आणि आम्ही ते विकत घेतलं होतं.

पुढच्या रविवारी सभा झाली. बिल्डरचा माणूस म्हणाला, आम्ही इमारत सहा वर्षांपूर्वी हस्तांतरित केली. वीजवाले म्हणाले, मीटरच्या पुढचं तुमचं. नवी कमिटी म्हणाली, जुन्या कमिटीला विचारा. जुन्या कमिटीतले दोघे फ्लॅट विकून गेले होते. शेवटी बाबा, जे सभेत कधी बोलत नाहीत, उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "मला एवढंच सांगा, हा जिना कुणाचा आहे?"

लोक हसले. "सगळ्यांचा, काका," चेअरमन म्हणाले.

मला त्या उत्तरानं समाधान होईना. आमची सोसायटी नाही, 'कॉन्डोमिनियम' आहे, हे बुकिंगच्या वेळी सेल्सवाल्यानं स्विमिंग पूल दाखवावा तशा थाटात सांगितलं होतं. त्या शब्दाचा अर्थ मी तेव्हा विचारला नव्हता. आता शोधायला बसले आणि वर्षभर त्यातच अडकले.

* * *

बाबांच्या प्रश्नामागे गिरगाव आहे. त्यांचा जन्म तिथल्या चाळीतला, माझी पहिली सात वर्षंही तिथलीच. सागवानी खांब, सागवानी तुळया, मधे विटा, वर मंगळुरी कौलं. जिना लाकडी आणि इतका उभा की चढताना धरायला वरून दोर सोडलेला. घराघरात रॉकेलचे स्टोव्ह. आजच्या कुठल्याही फायर ऑफिसरनं बघितलं तर त्याला घाम फुटावा.

लाकडाच्या शहरांनी आगीची किंमत आधीच मोजली होती. १८०३च्या फेब्रुवारीत मुंबईच्या कोटाच्या आत आग लागली आणि वस्तीचा मोठा भाग गेला. किल्ल्यातल्या दारूगोळ्याकडे ती सरकू नये म्हणून मधली घरं तोफा डागून पाडावी लागली. त्यानंतर कोटाबाहेर, मांडवी-भुलेश्वरकडची वस्ती वाढत गेली. म्हणजे गिरगाव-भुलेश्वरच्या दाटीला त्या आगीचाही हातभार आहे. पंचवीस वर्षांनी, १८२८च्या फेब्रुवारीत, पुण्यात शनिवारवाडा पेटला. सात दिवस जळत होता असं सांगतात. वरचे लाकडी मजले गेले, दगडी तट आणि जोती राहिली. शाळेच्या सहलीत आपण जे बघतो ते म्हणजे जे जळू शकलं नाही ते.

चाळी या आगींनंतरच्या, पण आगीचा विचार करून बांधलेल्या मुळीच नव्हत्या. गिरणीच्या, गोदीच्या आणि कचेरीच्या माणसांना कमीत कमी पैशात एकावर एक ठेवायचं, हा हिशेब. तरी चाळीत एक गोष्ट होती जी आमच्या बारा मजल्यांत नाही. खोल्यांसमोरून जाणारी गॅलरी बाहेरच्या बाजूनं उघडी असायची. खोलीतून निघालात की तुम्ही हवेत. धूर झाला तर तो गॅलरीतून आभाळात जायचा, माणूस गॅलरीतून जिन्याकडे. शिवाय प्रत्येक दारापुढे पाण्याचं पिंप. नळाला पाणी दोन तास येतं म्हणून ठेवलेलं ते, पण स्टोव्हचा भडका झाला की सगळ्या मजल्याची पिंपं धावून यायची. बाबांनी लहानपणी अशा दोन आगी बघितल्या आहेत. दोन्ही वेळा बंब येईपर्यंत आग विझलेली होती आणि जवानांना चहा दिला गेला होता.

चाळ सुरक्षित होती असं म्हणणं मात्र खोटं ठरेल. ९ मे २०१५ला काळबादेवीत गोकुळ निवास नावाची जुनी, लाकडी सांगाड्याची इमारत पेटली. आग विझवताना तिचा भाग कोसळला. मुंबई अग्निशमन दलाचे चार अधिकारी त्यात गेले. प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकर त्यांपैकी एक. जाड सागवान बाहेरून कोळसा होत हळूहळू जळतं, त्यामुळे थोडा वेळ मिळतो हे खरं. पण शंभर वर्षं ओल खाल्लेल्या सांध्यांना ते लागू पडत नाही.

आणि चाळीचा जिना कुणाचा होता? घरमालकाचा. याबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती. पायरी मोडली की त्याच्या नावानं शिव्या घालायच्या. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी जवळपास गोठली आणि मग मालकानं त्या जिन्याकडे बघणं सोडलं. दहा रुपये भाड्यात कोण पायऱ्या बदलणार? भाडेकरू म्हणायचा, घर माझं नाही. १९६९ साली सरकारला या इमारतींच्या दुरुस्तीसाठी वेगळं मंडळ काढावं लागलं, घरांवर उपकर बसवावा लागला. तोवर पायऱ्यांचे मधले भाग झिजून वाटीसारखे झाले होते. माझ्या पायाला त्या वाट्या अजून आठवतात.

* * *

इमारतींमधली मोकळी जागा आगीमुळे नाही, प्लेगमुळे आली. १८९६च्या प्लेगनंतर १८९८ला मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि खोलीत आभाळाचा उजेड यायलाच हवा म्हणून ट्रस्टनं साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आणला. समोरची इमारत किती उंच आणि किती लांब असावी, ते या कोनावरून ठरे. हेतू हवा-उजेडाचा. पण त्याच मोकळ्या पट्ट्यात पुढे बंब उभे राहू लागले. आमच्या इमारतीभोवतीच्या पट्ट्यात आता पाहुण्यांच्या गाड्या उभ्या असतात. त्या रात्री बंब आत घेण्यासाठी तीन गाड्या हातांनी ढकलाव्या लागल्या.

मग काँक्रीट आलं. १९३०च्या दशकात मरीन ड्राइव्ह उभी राहिली, ती सगळी आरसीसीची. न जळणारं घर! काँक्रीट खरंच जळत नाही. आतल्या सळईला मात्र ताप सोसत नाही. साडेपाचशे अंशांच्या आसपास पोलादाची निम्मी ताकद जाते, म्हणून सळईवर काँक्रीटचं काही सेंटिमीटरचं पांघरूण ठेवतात. हे पांघरूण जाग्यावर असेल तर इमारत तासन् तास उभी राहते.

माझ्या मते इथेच आपली फसगत झाली. इमारत उभी राहणं म्हणजे माणसं वाचणं, असा समज बसला. १ फेब्रुवारी १९७४ला ब्राझीलमध्ये साओ पाउलोच्या जोएल्मा इमारतीत एअर कंडिशनरमधून आग लागली. पंचवीस मजले, उत्तम काँक्रीट, एकच जिना. पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली. इमारत मात्र राहिली. डागडुजी करून ती पुन्हा वापरात आणली आणि आजही ती उभी आहे. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ला ७२ माणसं गेली. चोवीस मजले, एकच जिना. तिथे काँक्रीटच्या अंगावर बाहेरून जळाऊ गाभ्याचे पत्रे चढवले होते. त्यानंतर सहा वर्षं वाद घालून ब्रिटननं ठरवलं की १८ मीटरच्या वरच्या नव्या निवासी इमारतींना दुसरा जिना हवाच.

आपल्याकडे नॅशनल बिल्डिंग कोड १९७०मध्ये आला आणि पुढच्या आवृत्त्यांत वाढत गेला. १५ मीटरच्या वरच्या इमारतींना दोन बंदिस्त जिने असावेत, २४ मीटरच्या वर पहिला रेफ्युज एरिया असावा, उभे डक्ट प्रत्येक मजल्यावर बुजवलेले असावेत, हे सगळं त्यात आहे. आमच्या इमारतीत जे जे बरं आहे ते कुठून तरी त्याच कोडमधून आलेलं आहे. फक्त तो स्वतः कायदा नाही. महापालिका किंवा राज्य आपल्या नियमांत जेवढा घेईल तेवढाच लागू. 'असावेत' या शब्दावर किती इमारती उभ्या आहेत, हे तुमच्या इमारतीचे जिने मोजून बघा.

* * *

आता कॉन्डोमिनियम. शब्द लॅटिन, अर्थ सहस्वामित्व. पण रोमन कायद्यात असा प्रकार बसत नव्हता. जमीन ज्याची, तिच्यावरचं बांधकामही त्याचंच, हा त्यांचा नियम. जमिनीपासून तीस मीटरवर हवेत असलेल्या चार खोल्यांचा वेगळा मालक असू शकतो, ही कल्पना पचायला कायद्याला बराच काळ लागला.

या शोधात मला १८०४चा फ्रेंच नागरी कायदा भेटला, नेपोलियनचा. त्यातलं ६६४वं कलम एकाच घराचे मजले वेगवेगळ्या मालकांचे असतील तर काय करायचं ते सांगतं. मुख्य भिंती आणि छप्पर सगळ्यांनी आपापल्या मजल्याच्या किमतीच्या प्रमाणात सांभाळायचं. आपल्या पायाखालची जमीन ज्याची त्यानं करायची. आणि जिना? पहिल्या मजल्याच्या मालकानं तळापासून आपल्या दारापर्यंतचा जिना करायचा. दुसऱ्या मजल्याच्या मालकानं पहिल्यापासून आपल्यापर्यंतचा. तिसऱ्यानं त्याच्या पुढचा. असं वरपर्यंत.

रात्री एक वाजता हे वाचून मी बाबांना उठवावं की काय असं झालं. दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी त्यांच्या प्रश्नाचं थेट उत्तर देऊन ठेवलं होतं. जिन्याच्या प्रत्येक तुकड्याला नाव होतं! नवव्या मजल्यावर बुटांचं कपाट दिसलं तर कुणाचं दार वाजवायचं, हे ठरलेलं.

अर्थात ती व्यवस्था गैरसोयीची होती. तळमजलावाल्याला जिन्याचा खर्चच नाही आणि पहिल्या मजलावाल्याचा जिना वरचे सगळे झिजवणार. दहा मजल्यांच्या इमारतीत हे चालणं शक्य नव्हतं. १९३८ला फ्रान्सनं ते कलम रद्द करून नवा कायदा केला. पोर्तो रिकोनं १९५८मध्ये स्वतःचा कायदा केला, १९६१मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारनं अशा घरांच्या कर्जांना हमी द्यायला सुरुवात केली आणि कॉन्डोमिनियम हा शब्द तिथे घराघरात गेला.

मुंबईनं त्याआधी वेगळी वाट काढली होती. १९१५ला गावदेवीत सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. श्रीपाद सुब्राव तालमकी त्यामागचे. देशातल्या पहिल्या अशा संस्थांत तिची गणना होते. सहकारी सोसायटीत इमारतीची मालक सोसायटी असते आणि सभासदाकडे शेअर आणि राहण्याचा हक्क. म्हणजे जिना सोसायटीचा. ती कायद्यानं एक 'व्यक्ती' आहे, तिला नाव आहे, तिला नोटीस पाठवता येते. मग शहर फुगलं, ओनरशिप फ्लॅटांचा धंदा सुरू झाला, लोकांची फसवणूक होऊ लागली आणि १९६३मध्ये बिल्डरांना वेसण घालायला मोफा कायदा आला. त्यानंतर १९७०चा महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अ‍ॅक्ट. आमचं कॉन्डोमिनियम त्या कायद्याचं लेकरू.

तो कायदा मी मोबाइलवर, लोकलसारख्या गच्च भरलेल्या बसमध्ये उभी राहून वाचला. सामाईक जागांची व्याख्या सुरू होते जमीन, पाया, खांब, तुळया, मुख्य भिंती, छपरं यांनी आणि पुढे येतात लॉब्या, जिने आणि 'फायर-एस्केप्स'. या शेवटच्या शब्दाशी मी थबकले. फायर एस्केप म्हणजे न्यूयॉर्कच्या सिनेमांत इमारतीच्या बाहेरून लोंबणारे लोखंडी जिने. तिथे १८६७च्या कायद्यानं भाड्याच्या दाट वस्तीच्या इमारतींना ते सक्तीचे केले. आपल्या किती इमारतींना १९७०मध्ये असला जिना होता? गोल लोखंडी जिने होते काही जुन्या इमारतींना, पण ते सफाई कामगारानं मागच्या मागे संडासापर्यंत यावं म्हणून. आगीसाठी नाही, जातीसाठी. आमच्या कायद्यात तो शब्द अमेरिकी कायद्यांच्या भाषेतून आला असावा. जिना आला नाही, शब्द आला.

आणि या सामाईक जागेचा मालक कोण? प्रत्येक फ्लॅटधारक, आपापल्या टक्क्यानं. हा हिस्सा अविभाज्य. कुणालाही वाटणी मागता येत नाही. माझ्या करारात माझा टक्का १.४८ लिहिलेला आहे. मुख्य जिन्याला २४० पायऱ्या आहेत. म्हणजे माझ्या वाट्याला जेमतेम साडेतीन पायऱ्या. पण त्या कुठल्या, हे कायद्यानं कुणीच सांगू शकत नाही.

बघा, १९७० साल एकच. एका दस्तऐवजानं जिना कसा असावा ते लिहिलं, दुसऱ्यानं जिना कुणाचा ते लिहिलं. दोघांची भेट व्हायला बराच काळ जावा लागला. मधल्या वर्षांत आपण घर 'सुपर बिल्टअप'वर घेत राहिलो, ज्यात जिना, लॉबी, लिफ्टची जागा सगळं मिळून मोजलेलं असायचं. ग्राहक या भागाला 'लोडिंग' म्हणायचा. म्हणजे बोजा. घरात न मिळालेली, फुकट गेलेली जागा. २०१६च्या रेरा कायद्यानं कार्पेट एरिया सक्तीचा केला आणि ते ठीकच झालं, फसवणूक थांबली. पण ज्या जिन्याचे आपण पैसे मोजले, त्याच्याबद्दल आपल्या मनात राहिली ती फसवलं गेल्याचीच भावना. मग त्या जागेत बुटांचं कपाट ठेवून आपण थोडी वसुली करतो. मीही ठेवलं होतं. दोन फूट रुंद, नीलकमल, तपकिरी.

* * *

दोन्ही दस्तऐवजांची गाठ खऱ्या अर्थानं पडली ती महाराष्ट्राच्या २००६च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्यात. तो लागू झाला ६ डिसेंबर २००८ला. त्यात बिल्डर, मालक आणि भोगवटादार यांच्यावर थेट जबाबदारी टाकली. आगीची यंत्रणा नुसती बसवायची नाही, कायम चालू ठेवायची. आणि दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून तपासून 'फॉर्म बी' नावाचं प्रमाणपत्र द्यायचं. वर्षातून दोनदा. फॉर्म साधा आहे. शंभर वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं की आज, या महिन्यात, तुमचा पंप चालू आहे का?

२२ ऑगस्ट २०१८ला परळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर आग लागली तेव्हा कायदा लागू होऊन दहा वर्षं होत आली होती. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नव्हतं, यंत्रणा चालत नव्हती. चार माणसं गेली. वरच्या मजल्यावर एका दहा वर्षांच्या मुलीनं शाळेत शिकलेलं आठवून कापडाचे तुकडे ओले केले आणि लोकांना नाकावर धरायला दिले. ती बातमी मी तेव्हा फॉरवर्ड केली होती, किती हुशार मुलगी म्हणून. त्या रात्री टॉवेल भिजवताना तीच आठवली. सतरा मजली इमारतीत चालू असलेली एकमेव यंत्रणा म्हणजे तिसरीतला धडा, हे मात्र तेव्हा डोक्यात आलं नव्हतं.

६ ऑक्टोबर २०२३ला गोरेगावात पुनर्वसनाच्या एका इमारतीत पहाटे तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये आग लागली आणि धूर जिन्यातून वर गेला. झोपडीतून निघून पहिल्यांदा काँक्रीटमध्ये राहायला आलेली ही माणसं. बाबा टीव्हीसमोर बसून म्हणाले, "गॅलरी असती तर." मी त्यांना म्हटलं, बाबा, गॅलरीचं काय घेऊन बसलात. आता त्यांची माफी मागावीशी वाटते.

आमच्या इमारतीचे फॉर्म बी मी कमिटीकडे मागितले. मिळायला दोन महिने लागले. सहा वर्षांत बारा असायला हवेत, चार निघाले. चारही जणू एकाच दिवशी, एकाच पेनानं भरलेले. चौथ्यावर तारीख होती आगीच्या सहा महिने आधीची आणि डक्टपुढे लिहिलं होतं 'समाधानकारक'.

त्यानंतरच्या सभेत मी उभी राहिले. डक्ट बुजवायचा खर्च दर फ्लॅटला साडेचार हजार येत होता. "एकदा लागली, आता कशाला लागेल?" असं एकानं विचारलं, गंभीरपणे. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या की आम्ही तर उड्या मारूनही वाचू, वरच्यांनी भरावं. मला एकदम नेपोलियन आठवला. म्हटलं, मग काकू, तळापासून तुमच्या दारापर्यंतचा जिना तुमच्या नावावर करू, त्याच्या पुढचा चौथ्यावाल्यांच्या. हशा झाला, ठराव मात्र पास झाला. चौसष्टपैकी एकोणपन्नास जणांनी पैसे भरले. बाकीच्यांचे अजून येतायत.

रेफ्युजचं कुलूप काढलं. तिथे पुन्हा सिगारेटची थोटकं दिसतात आणि त्यावर पुन्हा तक्रारी येतात. दुसऱ्या जिन्याच्या दाराला आतून ढकलून उघडणारा दांडा बसवला. बाहेरून ते उघडत नाही, त्यामुळे चोरांचा प्रश्न मिटला. हा दांडा मूळ नकाशात होताच. बुटांची कपाटं हलली, दिवाळीत त्यातली सात परत आली. माझं मी भंगारवाल्याला दिलं. तो म्हणाला, "ताई, चांगलं आहे की, का काढताय?"

या जुलैत फॉर्म बीची वेळ आली तेव्हा कमिटीनं ते काम माझ्याच गळ्यात घातलं. एजन्सीच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, मॅडम, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, सही करून पाठवतो, यायची गरज नाही. मी म्हटलं, या. तो शनिवारी सकाळी आला, बावीस-तेवीसचा पोरगा, पाठीला सॅक. पंप चालू करून बघितला, तळमजल्याची होज रील ओढून बघितली आणि लिफ्टकडे वळला.

बाबा तिथे खुर्ची टाकून बसले होते. पेपर घडी करून उठले. "लिफ्टनं नाही," ते म्हणाले. "चल, मी येतो बरोबर. सावकाश जाऊ."

पोरानं माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. दोघं जिन्याकडे गेले. पहिल्या मजल्यावरून बाबांचा आवाज येत होता, ते त्याला पायऱ्या मोजायला सांगत होते.